आंबिलीचं कूळ

तुमसर तालुक्यातला सिहोरा म्हणजे धानाचा मुलूख. धान भरडला की अख्खा तांदूळ बाजाराची वाट धरतो, तुटकी कणी घरात उरते. तिची पेज होते, भात होतो आणि उन्हाळ्यात आंबीलही.

कणीचं पीठ रात्री पाण्यात कालवून मडक्यात झाकून ठेवतात. सकाळी वर बुडबुडे दिसतात, आंबूस वास येतो. मग मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात ते सोडून, गुठळी होऊ न देता ढवळत शिजवायचं. गार झाल्यावर ताक, जिरं आणि सोबत कांदा.

कूळ जुनं आहे. धान्य पाण्यात आंबवून केलेली कांजी आयुर्वेदाच्या ग्रंथांत येते. चरकसंहितेत मूळव्याधीच्या उपचारांत ताकाची थोरवी आहे. विदर्भात महालक्ष्म्यांच्या नैवेद्यात पुरणपोळीशेजारी ज्वारीची आंबील असते. कष्टकऱ्यांची न्याहारी देवीलाही चालते.

हे आंबवणं जिवंत जंतूंचं काम आहे, हे लुई पाश्चरनं 1857 मध्ये मांडलं. 1905 मध्ये ग्रिगोरोव या बल्गेरियन विद्यार्थ्यानं तिथल्या दह्यातला जंतू शोधला. त्यावरून मेचनिकॉफ या शास्त्रज्ञानं दह्याचा संबंध दीर्घायुष्याशी जोडला. पुढे दिसलं, की तो जंतू आतड्यात ठाण मांडत नाही.

मग आंबिलीनं पोटाला काय मिळतं? उकळताना तिच्यातले बहुतेक जंतू मरतात. पण रात्रभरात त्यांनी पिठातला थोडा स्टार्च फोडलेला असतो आणि लोह अडवून धरणारं फायटिक आम्ल कमी केलेलं असतं. जिवंत जंतू येतात ते नंतर घातलेल्या ताकातून. शिवाय शिजवून गार झालेल्या तांदळातला काही स्टार्च लहान आतड्यात पचत नाही, तसाच मोठ्या आतड्यात पोहोचतो. तिथले मुक्कामी जंतू तो आंबवून ब्युटिरेट तयार करतात. आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं ते मुख्य इंधन. म्हणजे मडक्यातलं काम पोटात पुढे चालू राहतं.

हे मुक्कामी जंतू सगळीकडे सारखे नसतात. पुण्याच्या संशोधकांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतीयांच्या आतड्यांत प्रेव्होटेला आणि मेगास्फेरा हे जंतू जास्त आढळले. प्रेव्होटेलाचा संबंध धान्य-डाळींच्या, चोथा भरपूर असलेल्या आहाराशी लावला जातो. रोजचं धान्य-डाळ सोडून नुसत्या महागड्या प्रोबायोटिक बाटलीवर भिस्त ठेवली, तर या मुक्कामींची उपासमारच. आणि आंबील करायचीच, तर ताक चुलीवर घालू नये. ती पुरती निवू द्यावी.