आगीवर उतारा तिखटाचा

मिरची झोंबली म्हणजे आपण ‘आग झाली’ असे म्हणतो. तेथे विस्तव नसतो, कातडीही भाजलेली नसते. तरी आपल्या भाषेने तिखटाला आगीच्या पंक्तीस बसविले. भाषेचा हा निवाडा बरोबर होता, हे शास्त्राने सिद्ध करावयास १९९७ साल उजाडले. तेथवरची वाट आपण पाहू.

मिरची मूळची अमेरिका खंडातली. कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीतील डिएगो चांका ह्या वैद्याने १४९४ च्या पत्रात तिचा उल्लेख केला आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ती आपल्या किनाऱ्यावर आणली आणि मुंबईकडे तिला ‘गोवाई मिरची’ म्हणू लागले. चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत मिरे आहे, मिरची नाही, ह्याचे कारण हेच.

हे तिखट कशात आहे? १८१६ साली बुखोल्झ ह्या जर्मन रसायनज्ञाने मिरचीतून तिखट अर्क वेगळा केला. १८७६ साली थ्रेश ह्या इंग्रजाने त्यातील द्रव्य स्फटिकरूपात मिळवून त्यास ‘कॅप्सेसिन’ हे नाव दिले. पुढची मजल हंगेरीने मारली. तोही मिरचीखाऊ देशच. तेथील ह्यॉग्येश ह्याने १८७८ मध्ये दाखविले, की हे द्रव्य संवेदना वाहणाऱ्या नसांवर काम करते. विसाव्या शतकाच्या मध्यास त्याच देशातील यान्चो ह्यांना एक विलक्षण गोष्ट आढळली : तेच द्रव्य वारंवार लावले, की त्या नसा झोंबणाऱ्या पदार्थांना दाद देईनाशा होतात. काट्याने काटा काढावा, तसेच हे.

१९९७ साली डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नसांच्या टोकांवरील ते कुलूप शोधून काढले. ते कॅप्सेसिनने उघडते आणि सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वरील उष्णतेनेही उघडते. मेंदूला दोन्हींची वर्दी एकच पोहोचते. ह्या कामगिरीबद्दल ज्युलियस ह्यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक, आर्डेम पाटापूटियन ह्यांच्यासमवेत, मिळाले.

नागीण उतरल्यावरही महिनोन्‌महिने ठणकणारी नस, किंवा मधुमेह्याच्या तळपायांची रात्री झोप उडविणारी जळजळ, ही दुखणी ज्याने सोसली त्यालाच ठाऊक. अशांसाठी आठ टक्के कॅप्सेसिनची पट्टी निघाली. अमेरिकेत तिला नागिणीनंतरच्या वेदनेसाठी २००९ मध्ये आणि मधुमेह्यांच्या पायांसाठी २०२० मध्ये मान्यता मिळाली. ती दवाखान्यात, देखरेखीखाली, अर्धा ते एक तास लावतात. त्वचेतील नसांची टोके मागे हटतात आणि काही महिन्यांनी पुन्हा वाढतात. म्हणून तीन महिन्यांच्या आत ती पुन्हा लावीत नाहीत. नित्य लावावयाच्या मलमात हे प्रमाण ०.०७५ टक्के किंवा त्याहूनही कमी असते, म्हणजे पट्टीच्या शंभराव्या हिश्शाहून थोडे. गुण सर्वांनाच येतो असे नाही आणि मूळ रोग तर ह्याने हटत नाही.

तेव्हा घरी जाऊन कोणी तळपायाला मिरची वाटून लावू नये. खलबत्त्यातल्या गोळ्यात कॅप्सेसिन किती, हे कोणी मोजलेले नसते. आणि मधुमेह्याचा पाय बधिर असला, तर फोड आल्याचेही त्याला कळत नाही. १८१६ च्या अर्कापासून २००९ च्या पट्टीपर्यंत पावणेदोनशेहून अधिक वर्षे गेली, आणि हे माप जमविणे हाही त्या कामाचा एक भाग होता. स्वयंपाकघरातील चिमटीच्या अंदाजावर ती कमाई आपण घालवू नये.