बापाची सही

चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी एकवीस वर्षं स्टोअर सांभाळलं. इतिहास वाचला तो सुट्टीच्या दिवशी, ग्रंथालयात बसून. त्यामुळे कारखान्यात माझ्याकडे कोणी इतिहासाचा प्रश्न घेऊन यायचं नाही, कागद वाचून घ्यायला मात्र यायचे. असेच एके दिवशी गेटवरचे मेजर आले. फौजेत ते हवालदार होते, पण आमच्या भागात निवृत्त फौजी म्हटला की तो मेजरच. सेवेत असताना पाय जायबंदी झालेला, त्याची अपंगत्वाची पेन्शन, आणि वर वॉचमनची नोकरी. हातात बँकेची नोटीस. मुलाच्या इंजिनिअरिंगच्या कर्जाचे हप्ते थकले होते. तो मुलगा पुण्याच्या हायवेवर अपघातात जाऊन वर्ष उलटलं होतं.

"आण्णा, पोरगं गेलं. मी बी असा. ह्यात माफी बसती का बघा की."

मी बघतो म्हणालो. त्या बघण्यातून हा लेख झाला.

पहिला प्रश्न असा की मुलाचं कर्ज बापाकडे आलंच कसं? जुन्या धर्मशास्त्रात वाट उलटी आहे. बापाचं ऋण मुलाने फेडायचं, नातवानेही फेडायचं. जुगार, दारू यांसाठी काढलेलं तेवढं सोडून. मुलाचं ऋण बापावर येत नाही, हे याज्ञवल्क्यस्मृती स्पष्ट सांगते. अपवाद फक्त कुटुंबासाठी काढलेल्या कर्जाचा. मुंबई इलाख्यात तर वारशात काही मिळालं नसलं तरी मुलाला बापाचं देणं चुकत नसे. ते ओझं १८६६च्या मुंबई कायद्याने हलकं केलं: वारशात जेवढं आलं तेवढ्यापुरतीच जबाबदारी. मुलाच्या अंगावरचं हे धार्मिक कर्तव्य कायद्याने पुढच्या कर्जांपुरतं पुसलं ते थेट २००५ साली, हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या दुरुस्तीत.

म्हणजे दीड शतक कायदा मुलाला बापाच्या कर्जातून सोडवत होता. त्याच काळाच्या शेवटाला बाप मुलाच्या कर्जात अडकला, आणि तेही कोणत्या कायद्याने नाही, एका फॉर्मवरच्या सहीने. भारतीय बँक संघटनेने २००१ साली शैक्षणिक कर्जाची नमुना योजना आखली. चार लाखांपर्यंत तारण नको, ही तिची मोठी गोष्ट. गरिबाच्या मुलाला दार उघडलं ते यामुळे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण आईबापांपैकी एकाने सहकर्जदार म्हणून सही करायची. जामीनदार आणि सहकर्जदार यांतला फरक मेजरांना कोणी सांगितला नव्हता. मलाही तो तोवर नीट ठाऊक नव्हता. जामीनदार दुसऱ्याच्या कर्जाला उभा राहतो. सहकर्जदाराचं ते स्वतःचंच कर्ज असतं. मुलगा गेला तरी कर्ज जात नाही. विद्यार्थ्याचा आयुर्विमा बँक काढून घेऊ शकते. मेजरांच्या प्रकरणात तो काढलेलाच नव्हता.

आता माफी. आपल्या मुलखाला कर्जमुक्तीचा इतिहास नवा नाही. १२ मे १८७५ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात रयतेने सावकारांचे खतेपत्रे जाळली. त्या दंग्यांच्या चौकशीतून १८७९चा दख्खन शेतकरी साह्य कायदा आला. तो पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांना लागू झाला. या कायद्याने कर्ज रद्द केलं नाही. कोर्टाला खतामागचा खरा व्यवहार उकरायची मुभा दिली, पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकणं बंद केलं, आणि खास गहाण नसलेली जमीन जप्तीतून वगळली. कर्ज जिवंत ठेवायचं आणि सावकाराचे हात बांधायचे, ही त्याची रीत. दामदुपटीचा नियमही त्याच जातीचा: व्याज मुदलाच्या वर एकरकमी मागता येत नाही.

कर्ज खरोखर पुसणारा कायदा १९७५चा, महाराष्ट्र कर्जमुक्तीचा. सीमांत शेतकरी, ग्रामीण कारागीर, शेतमजूर, कामगार यांची सावकारी कर्जं त्याने संपवली, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७७ला तो उचलून धरला. बँकांची कर्जं मात्र बाहेर ठेवली. पुढे २००८, २०१७, २०१९ साली बँकांची कर्जंही माफ झाली, ती शेतकऱ्याची. दर वेळी माफी एका वर्गाला मिळाली, ज्याच्या हातात मत आहे आणि ज्याचं दुःख गावभर दिसतं. विद्यार्थ्याचा बाप हा वर्ग कोणी केलाच नाही.

सरकारने कधी विचारच केला नाही असं नाही. १९६३ला केंद्राने बिनव्याजी राष्ट्रीय कर्ज शिष्यवृत्ती सुरू केली. ती घेऊन जो शिक्षक होईल त्याच्या कर्जाचा दहावा हिस्सा सेवेच्या दर वर्षाला माफ होई. वसुली नीट होईना, योजना बंद पडली. २००९ पासून साडेचार लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरांसाठी शिक्षणकाळातलं व्याज केंद्र सरकार भरतं. मुद्दल तसंच.

अपंग सैनिकाचं काय? १९१७ साली लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने मुंबईत क्वीन मेरी संस्था निघाली, पुढे ती खडकीला गेली. पहिल्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या शिपायांना तिथे धंदेशिक्षण मिळे. १९७१च्या युद्धानंतर शहीद आणि अपंग जवानांच्या मुलांची फी सरकारने उचलली; २०१७ला तिच्यावर महिना दहा हजारांची मर्यादा घातली, आरडाओरडा झाल्यावर २०१८ला ती काढली. फी आहे, शिष्यवृत्ती आहे. आधीच काढलेलं कर्ज पुसायची तरतूद या कशातही मला सापडली नाही. अमेरिकेत ती आहे: पालकाने काढलेलं सरकारी कर्ज मूल गेल्यावर रद्द होतं, आणि सेवेमुळे पूर्ण व कायम अपंग झालेल्या माजी सैनिकांचंही, २०१९ला तर ते आपोआप व्हावं म्हणून राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढला. हे मी मेजरांना सांगितलं, आणि सांगायला नको होतं असं लगेच वाटलं.

त्यांच्या कामाचा निघाला तो १८७१चा पेन्शन कायदा. सरकारी पेन्शनवर जप्ती येत नाही. पेन्शनचा पैसा मुदत ठेवीत घातला तरी त्याचं संरक्षण जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं आहे. पुन्हा तीच १८७९ची रीत: कर्ज आहे, हात बांधलेले आहेत. बँकेच्या माणसाने शेवटी 'राईट ऑफ करू' म्हटलं तेव्हा मेजरांचा चेहरा उजळला. मला सांगावं लागलं की ते बँकेच्या वहीतलं निर्लेखन. येणं बुडीत धरतात, पण वसुली सोडत नाहीत.

लोक अदालतीत तडजोड झाली. व्याज बरंचसं सुटलं, मुद्दल राहिलं, हप्ते वॉचमनच्या पगारातून. कागदावर दोन नावं होती. पहिल्यासमोर कारकुनाने 'मयत' असं लिहिलं. मेजरांनी चष्मा पुसला, ते नाव एकदा वाचलं, आणि खालच्या नावासमोर सही केली. मग मला म्हणाले, "चला आण्णा, सेकंड शिफ्टची वेळ झाली."