घरची शिल्लक : कालची व आजची

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने काही ना काही लिहावे असे ठरले, तेव्हा हा विषय मी आपण होऊन मागून घेतला. मी सातवी शिकलेली, चूल आणि मूल सांभाळणारी बाई. राजेरजवाड्यांचा इतिहास लिहिणे माझे काम नव्हे. परंतु घरातल्या शिल्लकीलाही इतिहास आहे, आणि तो बहुतांशी आपण बायकांनीच घडविला आहे. मुलीने वाचनालयातून आणलेली पुस्तके दुपारच्या वेळी चाळली, वडीलधाऱ्या बायकांना विचारले, आणि त्यातून जे हाती लागले ते येथे मांडते आहे.

आपल्या शिवमंदिरावर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, हा काळ दगडावर कोरलेला आहे. शिलाहार राजा माम्वाणी याचे नावही त्यात आहे. कोणी तरी कोरून ठेवले म्हणून आज साडेनऊशेहून अधिक वर्षांनी आपल्याला देवळाचे वय सांगता येते. त्याच काळात वालधुनीच्या काठी ज्या बायका नांदल्या, त्यांनीही पैपैसा राखून लेकीबाळींची लग्ने केली असतील, दुष्काळ काढले असतील. पण त्यांचा हिशेब कोठेच लिहिलेला नाही. म्हणून त्यांच्या काटकसरीचा इतिहासही नाही. मला जे सांगायचे आहे ते एवढेच की, शिल्लक टाकणे आपल्याला कोणी शिकवायला नको. ती किती झाली आणि किती व्हायची राहिली हे लिहून ठेवणे मात्र आपण फार उशिरा शिकलो.

‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. म्हण खरीच आहे. पण तळ्याला पायऱ्या असल्या म्हणजे पाणी कितव्या पायरीपर्यंत चढले ते कळते. पायऱ्या नसल्या तर पाणी भरते आहे की आटते आहे, याचा पत्ता लागत नाही.

आपल्या आज्यापणज्यांची बँक म्हणजे तांदळाच्या डेऱ्यातले गाडगे, किंवा लुगड्याच्या पदराची गाठ. चार पैसे जास्त जमले की सोनाराकडे जाऊन एखादा मणी नाहीतर पुतळी घ्यायची. सोने गळ्यात राही, अडीअडचणीला मोडता येई, आणि स्त्रीधन म्हणून त्यावर बाईचा थोडाबहुत हक्कही चाले. यात दोन उणिवा होत्या. गाडग्यात किती आहे हे तिलाच ठाऊक, आणि पुष्कळदा तिलाही नीटसे ठाऊक नसे. आणि घरात अडचण आली की गाडगे सर्वांत आधी फुटे.

मुंबईला सरकारी बचत बँक १८३५ साली निघाली. पुढे १८७३ साली सरकारी बचत बँकांचा कायदा झाला. त्यात एक कलम असे होते की, विवाहित स्त्रीने ठेवलेले पैसे तिच्याच हाती देता येतील आणि तिने दिलेली पावती पुरेशी मानली जाईल. भगिनींनो, दीडशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे! ज्या काळी बाईने उंबरठा ओलांडला तरी चर्चा होई, त्या काळी कायद्याच्या कागदावर तिच्या सहीला, नाहीतर अंगठ्याला, किंमत आली होती. तिचा उपयोग फार थोड्याच बायकांना करता आला असेल, ते वेगळे. १ एप्रिल १८८२ पासून पोस्टाच्या बचत बँका सुरू झाल्या आणि पासबुक नावाची छोटी वही गावोगावी जाऊ लागली. पुढे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या १४ व्या कलमाने हिंदू स्त्रीच्या ताब्यातील मालमत्तेवर तिची पूर्ण मालकी मान्य केली.

आपल्या भागाचे म्हणाल तर येथे विमकोचा काड्यापेटीचा कारखाना आला, धरमसी मोरारजींचा रसायनांचा कारखाना आला, ऑर्डनन्स फॅक्टरी आली, आणि शेतीच्या हंगामावर चालणाऱ्या घरांत महिन्याचा पगार येऊ लागला. पलीकडे कल्याणच्या लष्करी छावणीत १९४७ नंतर सिंधी निर्वासित आले, आणि १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. घरदार मागे टाकून आलेल्या त्या बायकांना पहिल्या रुपयापासून पुन्हा आरंभ करावा लागला. पगाराचे घर आणि हंगामाचे घर यांत मोठा फरक आहे. हंगामाच्या घरात शिल्लक सुगीला पडते. पगाराच्या घरात ती दरमहा टाकावी लागते, आणि दरमहा काही तरी आडवे येतेच.

याच गरजेतून भिशी वाढली. बारा जणी मिळून दरमहा प्रत्येकी ५०० रुपये काढतात, ६,००० रुपये होतात, आणि चिठ्ठीत जिचे नाव निघेल ती ते उचलते. वर्षात प्रत्येकीची पाळी येते. भिशीत व्याज नाही, पण धाक आहे. अकरा जणी वाट पाहत असल्या म्हणजे बाई पाचशे रुपये कोठूनही उभे करते. मात्र भिशीचा सारा भार विश्वासावर असतो, आणि चिठ्ठी कधी निघेल हे आपल्या हाती नसते. जिला जूनमध्ये फी भरायची तिचे नाव फेब्रुवारीत निघाले, तर मधल्या काळात हातउसने करावेच लागते.

हिशेबाने शिल्लक टाकण्याचा धडा जपानच्या एका बाईने फार पूर्वी घालून दिला. हानी मोतोको हे तिचे नाव. ती त्या देशातील पहिल्या स्त्री वार्ताहरांपैकी एक होती. तिने १९०४ साली गृहिणींसाठी घरखर्चाची वही छापून काढली. खर्चाच्या बाबी आधी ठरवायच्या, मग रोजचा खर्च त्या त्या बाबीखाली लिहायचा, आणि ठरले काय व झाले काय हे ताडून पाहायचे, अशी तिची पद्धत. खर्च करून उरेल ते शिल्लक, असे नव्हे. शिल्लक आधी बाजूला काढून उरेल तो खर्च, ही तिच्यामागची दृष्टी आहे.

आपल्याकडे १९७२ साली महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना निघाली. पोस्टाच्या बचतीचे काम करणाऱ्या महिला प्रतिनिधी घरोघर जाऊन दरमहा हप्ता घेऊ लागल्या आणि कार्डावर नोंद करून देऊ लागल्या. घराबाहेर न पडणाऱ्या बाईच्या दारात बँक आली, तीही एका बाईच्या रूपाने. कार्डावरचे भरलेले चौकोन आणि रिकामे चौकोन पाहिले की, कितव्या पायरीवर आहोत हे निरक्षर बाईलाही कळे.

पुढे बचत गट आले. १९९२ साली नाबार्डने पाचशे गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग हाती घेतला, आणि मग गावोगावी गट उभे राहिले. दहा ते वीस बायका दरमहा बसतात, ठरलेली रक्कम काढतात, आणि ती सर्वांसमक्ष वहीत लिहितात. आकडा मोठ्याने वाचला जातो, हे मला त्यातले सर्वांत महत्त्वाचे वाटते.

सातारा जिल्ह्यातील म्हसवडची हकीकत तर प्रत्येकीने ऐकण्यासारखी आहे. रस्त्याकडेला राहून लोखंडकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्याआधी झोपडीवर घालण्यासाठी प्लॅस्टिकचा कागद घ्यायचा होता. त्यासाठी रोज थोडे थोडे साठवावे म्हणून ती बँकेत गेली, तर एवढ्याशा रकमेचे खाते कोणी उघडीना. हे श्रीमती चेतना सिन्हा यांना समजले, आणि बायकांची स्वतःचीच बँक काढायचे ठरले. पहिला अर्ज नामंजूर झाला, कारण प्रवर्तक बायका निरक्षर होत्या. तेव्हा त्या बायका साक्षरतेच्या वर्गाला बसल्या, पुन्हा अधिकाऱ्यांकडे गेल्या आणि म्हणाल्या, आम्हांला लिहिता येत नाही, पण मोजता येते. कोणत्याही रकमेचे व्याज विचारा. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पुढे तेथे आणखी एक अडचण दिसली. पासबुक घरी नेले की नवऱ्याला आकडा कळे आणि पैसे मागितले जात. म्हणून पासबुक घरी न्यायलाच पुष्कळ जणी तयार नव्हत्या, आणि बँकेला त्यावर निराळी सोय काढावी लागली. नोंद हवी खरी, पण ती कोणाच्या हाती राहते यालाही तितकेच महत्त्व आहे.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे व हजाराच्या नोटा बंद झाल्या, तेव्हा घरोघरचे डबे उघडे पडले. आमच्या आळीतल्या दोघींची गोष्ट सांगते. दोघींनीही डाळीच्या डब्यातल्या नोटा घरच्यांपुढे ठेवल्या. एकीने सोबत वहीही ठेवली. तारीखवार रक्कम आणि वर लिहिलेले, ‘थोरलीच्या कॉलेजासाठी’. तिचे पैसे बँकेतून तिच्याच खात्यावर गेले आणि थोरलीच्याच कामी आले. दुसरीकडे वही नव्हती. घरी हशा झाला, ‘एवढे पैसे लपवलेस काय!’ असे म्हटले गेले, आणि सात वर्षांची शिल्लक दोन महिन्यांत घरखर्चात विरून गेली. कोणी वाईट नव्हते. पण ज्या पैशाला नाव नसते तो सगळ्यांचा होतो.

आता आजच्या हिशेबाविषयी थोडेसे. पाडव्यापासून वर्षभरात २४,००० रुपये जमवायचे असे आपण ठरविले, तर बाराने भागून दरमहा २,००० असे कोणीही सांगेल. पण आपले घर बाराने भागले जात नाही. जूनमध्ये शाळा, मग गणपती, मग दिवाळी. म्हणून मी जूनच्या आणि दिवाळीच्या महिन्यापुढे शून्य लिहिते, गणपतीच्या महिन्यापुढे १,५००, आणि उरलेल्या नऊ महिन्यांपुढे २,५००. नऊ महिन्यांचे २२,५०० आणि वरचे १,५०० मिळून बरोबर २४,००० होतात. एप्रिल हा पहिला महिना धरला आणि दिवाळी नोव्हेंबरात आली, तर सपाट भागाकाराने नोव्हेंबरअखेर १६,००० हवेत. माझ्या वहीप्रमाणे १४,००० असले तरी मी वाटेवरच आहे. मधल्या दोन हजारांच्या तुटीनेच पुष्कळ जणी खचतात, ‘यंदा काही जमत नाही’ म्हणतात आणि असलेलेही मोडतात. वहीत तीन रकाने पुरतात : ठरले, जमले, राहिले. महिनाअखेर पाच मिनिटे लागतात.

पैसे ठेवायचे ते सुरक्षित ठिकाणी, हे वेगळे सांगायला नको. २०१९ साली मुंबईची एक मोठी सहकारी बँक अडचणीत आली, तेव्हा ठेवीदारांना आरंभी केवळ हजार रुपये काढता येत होते. त्यानंतर ४ फेब्रुवारी २०२० पासून बँकेतील ठेवीचा विमा एका लाखाचा पाच लाख झाला. दामदुपटीच्या बोलीवर वही मिळत असेल, पण हा विमा मिळत नाही.

भगिनींनो, गाडग्यापासून पासबुकापर्यंत आणि भिशीपासून गटापर्यंत बायकांनी मोठी वाट चालली आहे. त्या वाटेवर जिथे जिथे बाईची नोंद तिच्या नावाने झाली, तिथे तिथे तिची शिल्लक टिकली. येत्या पाडव्याला आपल्या मंडळातील प्रत्येकीने एक दोनशे पानी वही घ्यावी, पहिल्या पानावर आपले नाव, रकमेचा आकडा आणि ती कशासाठी हे लिहावे, आणि दर महिन्याच्या सभेस ती सोबत आणावी, अशी माझी नम्र सूचना आहे. रक्कम लहान असली तरी चालेल. पुढे कोणी आपल्या घरांचा इतिहास लिहायला बसले, तर त्यांना निदान या वह्या तरी सापडतील.