लिलियन गिश : पडदा आणि रंगमंच

मूकपटाच्या इतिहासात लिलियन गिश (1893–1993) यांचे नाव इतके घट्ट रुतले आहे की, त्यांची कारकीर्द रंगमंचावर सुरू झाली आणि बोलपट आल्यावर त्यांना आधारही रंगमंचानेच दिला, ही गोष्ट सहसा मागे पडते. ओहायो राज्यात जन्मलेल्या लिलियन आणि त्यांची धाकटी बहीण डॉरोथी यांना वडिलांनी संसार सोडल्यावर लहानपणीच फिरत्या नाटक कंपन्यांत कामे करावी लागली. या कंपन्यांची भिस्त मेलोड्रामावर, म्हणजे टोकाच्या भावना आणि संकटात सापडलेली निष्पाप नायिका यांवर रचलेल्या नाटकांवर होती. 1912 मध्ये बायोग्राफ कंपनीचे दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांनी दोघी बहिणींना चित्रपटात घेतले, तेव्हा कथानकाचा हा साचा तसाच राहिला. बदलले ते अभिनयाचे माप. नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेसाठी केलेले हातवारे क्लोज-अपमध्ये, म्हणजे एकच चेहरा सारा पडदा व्यापतो अशा दृश्यात, भडक दिसत, हे ओळखून गिश यांनी अभिनय डोळ्यांत आणि बोटांत आणला. 'ब्रोकन ब्लॉसम्स' (1919) मधील, बापाच्या मारहाणीने हसू विसरलेली मुलगी दोन बोटांनी ओठांचे कोपरे वर ढकलून हसते. मूकपटाला शब्दांची गरज का भासली नाही, हे त्या एका कृतीवरून कळते.

ग्रिफिथ यांच्या 'द बर्थ ऑफ अ नेशन' (1915) या चित्रपटाने कू क्लक्स क्लान या वर्णद्वेष्ट्या संघटनेचे उदात्तीकरण केले आणि गिश त्यात नायिका होत्या. त्या सहभागाचे ओझे त्यांच्या कीर्तीवर राहिले, आणि ते राहणे रास्तच आहे.

वाळवंटात चित्रित झालेला 'द विंड' (1928) हा त्यांचा बहुधा सर्वश्रेष्ठ मूकपट बोलपटांच्या लाटेत प्रेक्षकांविना गेला. त्यानंतर 1930 मध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, त्या चेखवच्या 'अंकल वान्या'मध्ये उभ्या राहिल्या आणि 1936 मध्ये जॉन गिलगुड यांच्या हॅम्लेटसमोर त्यांनी ऑफेलिया साकारली. याला माघार म्हणणे चुकीचे ठरेल, कारण 'द नाइट ऑफ द हंटर' (1955) मधील त्यांच्या संयत वृद्धेमागे या रंगमंचीय वर्षांची कमाई स्पष्ट दिसते. अभिनयाचे स्पर्धात्मक ऑस्कर त्यांना कधीच मिळाले नाही. 1971 मध्ये मिळाले ते मानद होते.