अमेरिकेतील कैद्यांचे खटले आणि कोर्ट फी : 'फी माफी' म्हणजे नेमके काय?

फ्रेड क्रूझ हा टेक्सासच्या तुरुंगातील बौद्ध कैदी होता. तुरुंगातले प्रार्थनागृह इतर धर्मीयांना खुले होते, आपल्याला मात्र तिथे जाऊ दिले जात नाही; बौद्ध साहित्य इतर कैद्यांना दिले म्हणून एकांतकोठडीत टाकले, अशी त्याची तक्रार होती. खालच्या दोन्ही न्यायालयांनी सुनावणीविनाच त्याला परत पाठवले. १९७२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'क्रूझ विरुद्ध बेटो' प्रकरणात त्याला नादार म्हणून फीशिवाय दाद मागण्याची परवानगी दिली आणि तक्रारीची सुनावणी घेण्याचा आदेश दिला. बौद्ध कैद्यालाही इतरांइतकीच धर्मपालनाची वाजवी संधी मिळाली पाहिजे, हे तत्त्व या निकालातून पुढे आले.

आज असा खटला फेडरल कोर्टात दाखल करणाऱ्या कैद्यासमोर आधी फीचा प्रश्न उभा राहतो.

१९९६ चा कायदा

कैद्यांच्या खटल्यांची संख्या फार वाढली, असे कारण देत अमेरिकी काँग्रेसने १९९६ मध्ये 'प्रिझन लिटिगेशन रिफॉर्म ॲक्ट' केला. तुरुंगाबाहेरच्या गरीब माणसाला कोर्ट फी पूर्ण माफ करू शकते. कैद्याला मात्र फी माफ होत नाही, हप्ते बांधून मिळतात.

फी किती, हप्ता किती?

डिसेंबर २०२३ पासून जिल्हा न्यायालयात दिवाणी दाव्याची फी ४०५ डॉलर आहे. नादार ठरलेल्या कैद्याला त्यातले प्रशासकीय शुल्काचे ५५ डॉलर लागत नाहीत. उरलेले ३५० द्यावेच लागतात.

- अर्जासोबत तुरुंग खात्याचा मागील ६ महिन्यांचा प्रमाणित उतारा जोडावा लागतो.
- महिन्याची सरासरी जमा किंवा सरासरी शिल्लक, यांपैकी जी जास्त तिच्या २० टक्के रक्कम पहिला हप्ता.
- पुढे खात्यात १० डॉलरपेक्षा जास्त रक्कम असेल तेव्हा मागच्या महिन्याच्या जमेतून २० टक्के कापले जातात.

समजा, घरून महिन्याला ५० डॉलर येतात. तर दरमहा १० डॉलर कापत फी फिटायला जवळपास तीन वर्षे लागतील. खटला पहिल्याच छाननीत फेटाळला तरी फी परत मिळत नाही. दोन खटले असतील तर कपात ४० टक्के, असे 'ब्रूस विरुद्ध सॅम्युएल्स' (२०१६) या निकालाने ठरले. टेक्साससह काही राज्यांत तुरुंगातल्या बहुतेक कामांना मजुरीच मिळत नाही, हे लक्षात घेतले की या कपातीचा भार घरच्यांवर कसा पडतो ते कळते.

तरीही एक संरक्षण कायद्यातच आहे : खात्यात काहीच नाही आणि पहिला हप्ता भरण्याचे साधन नाही, एवढ्यावरून कोणाही कैद्याला खटला दाखल करण्यापासून रोखता येत नाही.

तीन वेळा फेटाळले तर

निरर्थक, त्रास देण्यासाठी केलेला किंवा कायदेशीर दावाच न मांडणारा, अशा कारणांनी तीन खटले वा अपिले फेटाळली गेली की हप्त्यांची सवलत संपते. मग संपूर्ण फी आधीच भरावी लागते. गंभीर शारीरिक इजेचा धोका समोर उभा असेल तरच अपवाद. पुन्हा दाखल करण्याची मुभा ठेवून फेटाळलेला खटलाही या तिनांत मोजला जातो, असे २०२० मध्ये 'लोमॅक्स' प्रकरणात ठरले. वकील नसलेल्या, अर्धशिक्षित कैद्याला अर्ज लिहिता आला नाही, तर त्याची शिक्षा पुढच्या खऱ्या तक्रारीला होते.

खटल्याआधी तुरुंगातील तक्रार प्रक्रिया पूर्ण करणेही बंधनकारक आहे. शिक्षेलाच आव्हान देणारी हेबियस कॉर्पस याचिका वेगळी. तिची फी ५ डॉलर आहे.

आपल्याकडे काय?

भारतात विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार कोठडीतील व्यक्ती, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती मोफत विधी सेवेस पात्र आहेत. या सेवेत वकिलासोबत कोर्ट फीचाही समावेश होतो. आपल्या वस्तीतले कोणी तुरुंगात असेल, तर त्याच्या कुटुंबाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायला मदत करा. हक्क कागदावर असून भागत नाही. तो मागण्यासाठी कोर्टाचे दार गरिबालाही उघडे असावे लागते.