दारू बदलली, नळी तीच

खडकीच्या दारूगोळा कारखान्याचे नाव निघाले की आपण लढायांविषयी बोलू लागतो. मी कामगारांत वाढलेला माणूस. मला त्यात दाबाचा इतिहास दिसतो.

१८६९ साली खडकीचा कारखाना उभा राहिला, तेव्हा स्नायडर बंदूक प्रचारात होती. १८७१ मध्ये इंग्रजांनी मार्टिनी-हेन्री घेतली. (१८५७ नंतर हिंदी शिपायाच्या हाती मागच्या पिढीचीच बंदूक द्यावयाची, हे धोरण. असो.) दोहोंत काळी दारू. मार्टिनीच्या काडतुसात ती साडेपाच ग्रॅम भरीत आणि गोळी सेकंदाला सुमारे १३५० फूट धावे. पुढे कॉर्डाइट आले. थ्री-नॉट-थ्रीत ते जेमतेम अडीच ग्रॅम, पण वेग २४०० फुटांवर! गोळी हलकी झाली हे खरे. परंतु नळीतील दाबही फार वाढला.

धोका येथेच आहे. डेन्मार्कने १८६७ साली घेतलेली रेमिंग्टन असो की आपली मार्टिनी, तिचे पोलाद काळ्या दारूच्या हिशेबाचे. काडतूस खोबणीत बसले म्हणजे नळीला ते सोसेलच, असे मुळीच नव्हे.

आमच्या गोडदेवच्या गाळ्यांत कॉम्प्रेसरच्या टाकीला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. दाब चढला की हवा सुटते. बंदुकीला ती सोय नाही, आणि फुटली तर ती डागणाऱ्याच्या डोळ्यांपाशीच फुटते. म्हणून परीक्षा आधी घ्यावी लागते. जुनी रीत मोठी गमतीची: नळीला भोक पाडून त्यावर दट्ट्या व तांब्याची छोटी कांडी बसवीत, बार उडाला की कांडी किती चेपली ते मोजून कोष्टकावरून दाब काढीत. शिवाय नव्या नळीतून नेहमीच्या सुमारे सव्वापट दाबाचे काडतूस उडवून पाहतात. बॉयलरची पाण्याने तपासणी करतात, त्यातलाच प्रकार.

१९६२ च्या युद्धानंतर ईशापूरच्या कारखान्याने थ्री-नॉट-थ्रीच्याच घडणीवर ७.६२ मिलिमीटरची बंदूक काढली. आजच्या युरोपीय मापाने पहिल्या काडतुसाची कमाल मर्यादा हवेच्या दाबाच्या सुमारे ३६०० पट, दुसऱ्याची ४१०० पट. जुनेच सांगाडे कातून वापरणे स्वस्त पडले असते. ईशापूरने तसे केले नाही. नव्या बंदुकीसाठी अधिक कणखर पोलाद घेतले. पोलिसांच्या खांद्यावर दोन्ही बंदुका दिसत, आणि लांबून पाहणाऱ्याला त्यांतला फरक कळत नसे.