दोन ठोंबांमधले अंतर

१९५३ साली कोइमतूर येथे बाजरी आणि नेपियर, म्हणजेच हत्ती गवत, यांचा संकर घडविण्यात आला. नेपियर मूळचे आफ्रिकेतील, उंच आणि वर्षानुवर्षे टिकणारे. बाजरीचा पाला मऊ आणि जनावरांना रुचणारा. १९६१ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘पुसा जायंट नेपियर’ हा संकरित वाण दिला आणि १९६२ मध्ये गवत व चाऱ्याच्या संशोधनासाठी झाशी येथे स्वतंत्र राष्ट्रीय संस्था उभी राहिली.

या संकराला एक मर्यादा जन्मतःच होती. बाजरीत १४ गुणसूत्रे, नेपियरमध्ये २८, तर संकरात २१. त्यांच्या जोड्या नीट जुळत नाहीत, म्हणून या गवताला बी धरत नाही. प्रत्येक ठोंब किंवा कांडी हातानेच लावावी लागते. परिणामी लागवडीच्या दाटीचा प्रश्न बेण्याच्या आणि मजुरीच्या खर्चाशी जोडला गेला. ६० × ६० सेंटीमीटर अंतरावर हेक्टरी सुमारे २७,८०० ठोंब लागतात. ९० × ६० वर सुमारे १८,५००. जादा नऊ हजार ठोंबांचे मोल वैरणीच्या रूपाने परत मिळते काय?

या प्रश्नाचे सैद्धांतिक उत्तर त्याच सुमारास अन्यत्र आकार घेत होते. १९५१ मध्ये ऑस्ट्रेलियात डोनाल्ड यांनी कुरणातील वनस्पतींवर आणि १९५३ मध्ये जपानच्या ओसाका येथे किरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाटीचे प्रयोग प्रसिद्ध केले. निष्कर्ष सारखाच होता : आरंभी दाट लागवडीचे उत्पादन अधिक असते; पुढे रोपे एकमेकांचा प्रकाश, पाणी आणि अन्नद्रव्ये वाटून घेऊ लागली, की क्षेत्रामागील एकूण उत्पादन एका मर्यादेवर स्थिरावते. रोपे वाढविली तरी प्रत्येक रोप तेवढे लहान होते.

संकरित नेपियरमध्ये हे फुटव्यांच्या संख्येवरून दिसते. विरळ लावलेला ठोंब अधिक फुटवे देऊन मोकळी जागा भरून काढतो. दाटीत फुटवे कमी आणि खोड बारीक राहते. मात्र दाट लागवडीत जमीन लवकर झाकली जाते, तण दबते आणि पहिली कापणी भरघोस येते. अनेक कापण्यांनंतर हा फरक ओसरू लागतो. तो किती लवकर ओसरेल, हे वाणावर ठरते : भरपूर फुटणारा वाण मोठे अंतर सहज भरतो, कमी फुटणाऱ्याला ते जमत नाही.

म्हणूनच सर्व वाणांना लागू पडेल असे एकच अंतर सांगता येत नाही. पहिल्याच उन्हाळ्यात दोन जनावरे जगवायची असणाऱ्या अल्पभूधारकाला दाट लागवड परवडू शकते; तीन-चार वर्षे गवत राखणाऱ्याला, वाण चांगला फुटणारा असेल तर, विरळ लागवडीत बेण्याचा पैसा वाचविता येतो.